शेवाळाचा काढा

आये,

मला साखर झाली. गेल्या पावसाळ्यात पायांची आग व्हायला लागली, पाणी पिऊन पिऊन पोटाला तड लागली तरी घसा कोरडाच, तेव्हाच मी ओळखलं होतं. डॉक्टरकडे गेले ती घरच्यांची तोंडं बंद करायला. आता बोटातून थेंबभर रक्त काढतात आणि आकडा सांगतात. आपण दोघी तुझ्या लघवीची बाटली मासळीच्या टोपलीत, केळीच्या पानाखाली लपवून एस्टीने बोईसरला न्यायचो, ते आता राहिलं नाही. एकदा ती कलंडली होती आणि कंडक्टर म्हणाला होता, "मावशी, मासळीचं पाणी सांडतंय." तू पदरात तोंड खुपसून चिंचणी जाईपर्यंत हसत होतीस. तेवढं एक हसणं त्या वर्षातलं मला आठवतं. बाकीचं वर्ष हसण्यासारखं नव्हतं, आणि त्याला कारण मी होते. तेच लिहायला बसले आहे. बोंबील सुकवायच्या वलांडीखाली, चार बायकांच्या देखत मी तुला एक शब्द बोलले होते. तो परत घ्यायचा आहे. तिसरीपर्यंतच्या शाळेवर लिहिते आहे, पण तुला तेवढीही शाळा नव्हती, म्हणजे चुका काढणारं कोणी नाही.

बाबा गेल्यावर तू माझ्याकडे राहायला आलीस. तुला मुलगा नव्हता, आणि लेक गावातच दिलेली, तीन गल्ल्यांवर. तरी जावयाच्या घरचं जेवण तुझ्या घशाखाली सरळ उतरायचं नाही. दुसऱ्यांदा भात घ्यायचा झाला की तू आधी दुसरीकडे बघायचीस, मग हळूच ताट पुढे करायचीस. माझा नवरा म्हणायचा, "आये, घ्या पोटभर. मासळी दर्याची हाय, माझ्या बापाची नाय." तू मान हलवायचीस आणि मूठभरच घ्यायचीस. मग त्या पावसाळ्यात तू वाळायला लागलीस. चोळीच्या बाह्या दंडावर लोंबायला लागल्या. दिवसाला दोन कळश्या पाणी एकटी प्यायचीस. मोरीत तू बसून गेलीस की मुंग्यांची रांग लागायची, आणि ती बघून शेजारची म्हातारी म्हणाली, "हिला गोडाचा आजार झाला गो, माझ्या दिराला असंच झालेलं."

बोईसरच्या डॉक्टरने काचेच्या नळीत निळं पाणी घेतलं, त्यात तुझ्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. पाणी हिरवं झालं, मग पिवळं, मग विटेसारखं लाल. डॉक्टर म्हणाला, निळं राहिलं तर ठीक, वीट झाली तर वाईट. तू म्हणालीस, "अगो, होळीचे रंग झाले की." त्याने सुई दिली, रोज सकाळी एक. काचेची पिचकारी पाण्यात उकळायची, बाटली तळहातांत घोळवायची, औषध दुधासारखं एकसारखं झालं की ओढायचं. मी टोचायला सुरमईच्या पाठीवर शिकले, चार वेळा, आणि पाचवी तू. तू म्हणालीस, सुरमईचापण एवढा जीव खाल्ला नसशील. डॉक्टरने विचारलं, घरी फ्रीज आहे का? मी म्हटलं, "आमच्याकडे कुठला फ्रीज." तो म्हणाला, मग मडक्यात ओली वाळू भरा, त्यात बाटली ठेवा, सावलीला. तसंच केलं. गणपती आले, गेले, तू माणसात आलीस. गालावर मांस आलं. मोरीतल्या मुंग्या गेल्या. डॉक्टरच्या नळीतलं पाणी जरासं हिरवट होऊन थांबायला लागलं आणि परत येताना एस्टीत तू खिडकीची जागा मागायला लागलीस.

मग दसरा झाला. होड्या जोरात लागल्या, आणि ऊन तसलं, पाठ भाजून काढणारं. मडक्यातली वाळू दुपारपर्यंत कोमट व्हायची. मी म्हटलं, हा डॉक्टर आम्हाला थंड ठेवायला शिकवतो? आमची पापलेटं मुंबईच्या बाजारात पोचतात तरी डोळे लखलखीत असतात, ते काय ओल्या वाळूने? आपल्या पडवीत पत्र्याची पेटी होती, बाहेरून भुशात बसवलेली, बर्फाची लादी फोडून भरलेली. लांब जाणाऱ्या मालासाठी त्या बर्फावर आम्ही खडेमीठ मारायचो. मीठ पडलं की गारवा असा कडक होतो की हात घातला तर बोटं आपली राहत नाहीत. त्या पेटीत तळाला, पापलेटांच्या खाली, मी तुझी बाटली पुरली. सकाळी काढली की ती दगड झालेली असायची. मग चुलीच्या वैलावर जरा धरायची, मुठीत दाबायची, पातळ करायची. तळाला फाटलेल्या दुधासारखे कण बसायचे, ते मी हलवून हलवून मोडायची. तू नाक मुरडून म्हणायचीस, "सुईला मासळीचा वास येतो गो." मी म्हणायची, "मासळीवर वाढलीस, आता वास येतो होय?" आणि मनात म्हणायची, कोणती लेक आईसाठी एवढं करते.

पंधरा दिवसांनी नळीत वीट. डॉक्टरने नळी उजेडाकडे धरली आणि मग तुझ्याकडे बघितलं. "आजी, गोड खाता काय?"

"साखरेचा दाणा नाय लावला जिभेला."

"नळी खोटं बोलत नाही, आजी."

त्याने सुई वाढवली. पुन्हा वीट. पुन्हा वाढवली, पुन्हा वीट. तेव्हा तो तुझ्याशी बोलायचा बंद झाला आणि माझ्याशी बोलला. "म्हातारी माणसं चोरून खातात. घरात लक्ष ठेवा." तू तिथेच बाकावर बसली होतीस, ऐकत होतीस. एस्टीत तू खिडकीची जागा मागितली नाहीस. घरी येऊन मी गुळाच्या ढेपेवर नखाने रेघ मारून ठेवली. तिसऱ्या दिवशी ढेप रेघेपाशी फुटलेली. घरात गुळाचा चहा पिणारी पाच तोंडं होती, माझं धरून, पण ते मला तेव्हा सुचलं नाही. डॉक्टरने सांगितलेलं, नळीने सांगितलेलं, मग ढेपेनेही सांगितलं. मी तरातरा वलांड्यांकडे गेले. तू बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून काठीवर टाकत होतीस, शेजारी तिघी-चौघी होत्या. मी म्हटलं, "चोरटी! जावयाच्या घरात खातेस नि वर चोरी करतेस? मी मेली रोज सुया उकळते, नि तू मागल्या दारी गूळ चघळतेस!"

तू म्हणालीस, "मी नाय खाल्ला गो." एकदाच. मी म्हटलं, "नळी खोटी नि तू खरी?" हातातले बोंबील पुरे टाकलेस, काठी नीट केलीस आणि घरी गेलीस. त्या दिवसापासून तू स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाहीस. उंबऱ्यावर बसायचीस. पाणीसुद्धा मागून प्यायचीस, "घेऊ का?" म्हणून, आपल्या लेकीच्या घरात. नवरा म्हणाला, "म्हातारी हाय, खाल्ला असंल खडा, एवढं काय पेटलीस?" म्हणजे तोही धरूनच चालला होता की तू खाल्लास. तेही तू उंबऱ्यावरून ऐकलंस.

त्याच थंडीत ती बाई आली. मुंबईच्या कुठल्या कॉलेजातली, चष्मेवाली, सुती साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली आणि पायात कॅनव्हासचे बूट. उतरायची चिंचणीला, आणि पुनवेच्या, अवसेच्या मोठ्या ओहोटीला आपल्या खडकांवर यायची शेवाळ काढायला. गावाने पहिल्यांदा वेडी ठरवली. जे शेवाळ जाळ्यात आलं की आपण शिव्या देऊन झटकतो, फार तर माडाच्या बुंध्यात टाकतो, त्यासाठी कोणी मुंबईहून येतं? तिला पाहिजे होतं ते तपकिरी, मिरीएवढ्या फुग्यांचं, पोरं दाताखाली फोडतात ते. ते खालच्या खडकांवर वाढतं, ओहोटी पुरती उतरली तरच हाताला येतं, आणि तिला भरती कधी वळते तेच कळायचं नाही. एकदा कमरेएवढ्या पाण्यातून मीच तिला ओढून काढली. मग ती मला सोबत घ्यायला लागली. काढलेलं शेवाळ गोड्या पाण्यात तीन वेळा धुवायचं, सावलीत सुकवायचं. मी म्हटलं, "बोंबील उन्हात नि हे गवत सावलीत? नवरदेव हाय का?" ती हसली. चांगली होती हसायला.

मी विचारलं, करता काय याचं? तिने सांगितलं, मधुमेहाचं औषध यातून निघतं का ते बघतो आहोत. यात काहीतरी आहे, जे पोटात गेल्यावर भाताची, भाकरीची साखर व्हायला आड येत असावं. माझे हात धुता धुता थांबले. मी म्हटलं, "मग उतरते का साखर?"

"उंदरांना पाजतो, मावशी. काहींची उतरते, काहींची नाही. नक्की कशाने उतरते तेच अजून हाती लागलेलं नाही."

"मग माणसाला देऊन बघा की. माणसं काय कमी पडली?"

"असं नसतं हो. यात मीठ असतं, आणखी दहा गोष्टी असतात, खाडीच्या तोंडाशी पाण्यातून काय काय याला चिकटतं ते तुम्हीच बघता. उंदराला मानवलं ते माणसाला मानवेल असं नाही. अजून कितीतरी वर्षं जातील."

घरात साखरेची म्हातारी आहे हे मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, सुई चालू आहे का, गुण का येत नाही. आणि माझी आई चोरून गूळ खाते हे मुंबईच्या बाईपुढे बोलायची मला लाज वाटली. तिच्या टोपलीतलं ओंजळभर शेवाळ मी पदरात बांधलं. चोरटी मीच होते, बघ. घरी येऊन ते चुलीवर अर्धं पाणी आटेपर्यंत उकळलं. गिळगिळीत, काळपट काढा झाला, खाजणातल्या चिखलासारखा वास. मी वाटी तुझ्यासमोर उंबऱ्यावर ठेवली आणि म्हटलं, याने साखर उतरते म्हणतात. तू वाटीकडे बघितलंस आणि विचारलंस, "हे प्याले नि नळी निळी झाली, तर मी नाय खाल्ला ते मानशील?" मी म्हटलं, "आधी पी." तू एका घोटात वाटी रिकामी केलीस. तोंड वाकडं केलं नाहीस. मला वाटलं होतं, बरं व्हायची हौस आहे म्हातारीला. तुला बरं व्हायचं नव्हतं, तुला खरं ठरायचं होतं, हे समजायला मला माझे स्वतःचे केस पांढरे करावे लागले.

आठ-दहा दिवस तू तो काढा दोन वेळा घेत होतीस. पोट बिघडलं, रोज दहादा परसाकडे जायचीस, पेजेचा घोटही ठरायचा नाही. तरी वाटी चुकवली नाहीस. आणि बोईसरला नेली तर नळीतलं पाणी पिवळट हिरवं होऊन थांबलं. वीट नाही! डॉक्टर म्हणाला, "आता कसं, आजी! सोडला ना गूळ?" तू माझ्याकडे बघितलंस. काय बोलायचं होतं ते तू नजरेनेच बोललीस आणि मी नजर चुकवून बाहेर उभ्या कारखान्याच्या शिफ्टच्या बसकडे बघत राहिले. डॉक्टरला काढ्याचं सांगितलं नाही. घरी येऊन सुई बंद केली. म्हटलं, एवढे दिवस टोचून जे झालं नाही ते या गवताने केलं, मग कशाला रोज ते उकळणं नि भोसकणं. माझा कंटाळाही त्यात होता, लपवत नाही.

पुढच्या ओहोटीला बाई आली ती थेट आपल्या अंगणात. बोंबलांच्या शेजारी वलांडीवर शेवाळ लटकत होतं, तिच्या नजरेतून सुटणार कसं. "मावशी, हे कुणासाठी?" मी आधी थापा मारल्या, माडाला, कोंबड्यांना. तिने उंबऱ्यावर तुला बघितलं, तुझ्या हाडांवरची कातडी बघितली आणि तिचा चेहराच उतरला. तिने सगळं विचारून काढलं, तू पण सांगत गेलीस. सुई बंद केली हे ऐकल्यावर ती ओरडलीच. "अहो, जुलाबाने यांच्या पोटात अन्नच राहत नाहीये, म्हणून नळी पिवळी झाली! हा गुण नाही, ही उपासमार आहे. सुई आजच्या आज चालू करा."

मी म्हटलं, "सुई लागूच पडत नाय. तीन महिने टोचली, वीट ती वीटच."

ती हळू आवाजात म्हणाली, "आधी लागू पडत होती आणि मग पडेनाशी झाली? असं कसं? बाटली कुठे ठेवता? दाखवा मला."

आये, तिथं सगळं होतं. चार पावलांवर ती पेटी होती. झाकण उघडायचं नि हात घालायचा, एवढंच. पण माझ्या डोक्यात काय आलं, की ही आता माझं घर तपासणार. मासळीच्या पेटीत औषध ठेवतात म्हणून नाक मुरडणार. मला चोरी करताना पकडलंच होतं तिने, आता अडाणीही ठरवणार. तू उंबऱ्यावरून म्हणालीस, "दाखव गो, बगू दे तिला." आणि मी तुझ्यावर खेकसले, "तू गप बस, तुझ्यामुळंच सगळं!" मग तिच्याकडे वळून म्हटलं, "उंदीर पाळा तुमचे मुंबईला. माझ्या घरात शिरायचं काम नाय. उचला तुमचं गवत नि चालू लागा." तिने शेवाळ उचललं नाही. तुला हात जोडून म्हणाली, "आजी, तुम्ही तरी ऐका, डॉक्टरकडे जा." आणि गेली.

सुई मी चालू केली, पण वाटीही बंद केली नाही. दोन्ही. कोणालाच खोटं पाडायचं नव्हतं मला. पेटीतलं तेच औषध, तेच फाटलेलं दूध. माघाची अवस आली. मी मासळी घेऊन बोईसरला गेले होते. घरातलं शेवाळ संपलं होतं आणि दोन दिवसांवर डॉक्टरची पाळी. तू कोयता घेतलास आणि एकटी ओहोटीला खालच्या खडकांवर गेलीस. अनवाणी. तिथे कालवं किती धारेची असतात ते तू मला शिकवलेलंस, लहानपणी माझा हात धरून एकेक पाऊल टाकायला लावलेलंस. पण तुझे पाय कधीचे सुन्न होते आणि तेही आपल्याला ठाऊक नव्हतं. मी परत आले तर अंगणापासून उंबऱ्यापर्यंत सारवणावर लाल पावलं उमटलेली, एकाच पायाची. तू ओलं शेवाळ मांडीवर घेऊन निवडत बसलेली. मला बघून जमिनीकडे बोट दाखवलंस आणि म्हणालीस, "कुणाचं रगत गो हे?"

हळद भरली. पाला बांधला. चौथ्या दिवशी वास सुटला, आणि मासळीवाल्याच्या घरात वास कळायलाही दोन दिवस उशीरच होतो. पालघरच्या इस्पितळात नेलं तेव्हा पाय घोट्याच्या वर काळा झालेला. डॉक्टर म्हणाले, गुडघ्याखाली कापायचा. तू म्हणालीस, "दोन पायांनी आले, दोन पायांनी जाते." तापात होतीस, पण शब्द साफ होते. दुसऱ्या दिवशी मला जवळ बोलावलंस. मला वाटलं, नातवंडांचं काही सांगशील, बाबांचं काही. तू विचारलंस, "नळी बगितली का गो यांनी? निळी हाय?" तिथली नळी मी बघितली होती. वीट. मी म्हटलं, "पड गप." हे माझे तुझ्याशी शेवटचे शब्द. शिमग्याच्या आधी तू गेलीस.

बाराव्याला बायका जमल्या तेव्हा कोणीतरी म्हणालं, त्या मुंबईवालीच्या गवताने म्हातारीला नेलं. मी मान हलवली. तेवढंच केलं. मान हलवली की गाव पुढचं आपोआप बोलतं. पुढच्या थंडीत बाई आली, तेव्हा बायकांनी खडकांकडे उतरायची वाट अडवली. एकीने मासळी धुतलेलं पाणी तिच्या अंगावर फेकलं. तिची साडी भिजली, हातातली टोपली पडली, ती चष्मा पुसत उभी राहिली आणि मी दारात उभी होते. तिने माझ्याकडे बघितलं. एक शब्द मी बोलले असते तर बायका हटल्या असत्या. ती टोपली उचलून चिंचणीच्या रस्त्याला लागली, आणि पुन्हा आपल्या खडकांवर आली नाही.

याला वीस वर्षं झाली. माझी नात बोईसरला औषधाच्या कारखान्यात जाते, डब्यांत औषधाबरोबर घडी केलेल्या चिठ्ठ्या भरायचं काम. मला सुई लागली तेव्हा बाटली मी आणली आणि घरच्या फ्रीजच्या वरच्या खणात, बर्फात खोचून ठेवली. मला काय कोणी शिकवायला पाहिजे? नात कामावरून आली, पाण्याला बर्फ काढायला गेली आणि तिथूनच ओरडली, "आजी, ही इथं कुणी ठेवली? ही मेली!"

मी म्हटलं, "औषध मरतं होय गो?"

"गोठलं की मेलं. मग हे टोचलं काय नि पाणी टोचलं काय, सारखंच." तिने डब्यातली चिठ्ठी उलगडून वाचून दाखवली, दिवसाला शेकड्याने घड्या घालते ती असल्या, पण वाचली होती वाटतं. थंड जागी ठेवा, गोठू देऊ नका, गोठलेलं वापरू नका. बाटली तिने माझ्या हातात दिली. जरा वेळाने तळाला कण दिसायला लागले, फाटलेल्या दुधासारखे. मी बाटली हलवली. ते मोडेनात. माझा हात बाटलीवर कसा फिरत होता, ते बघून नात म्हणाली, "आजी, बसतेस का जरा? तोंड पांढरं झालंय तुझं."

तिला मी काही सांगितलं नाही. फक्त विचारलं, शेवाळाचं साखरेवर औषध निघालं का गो कुठं? ती तिच्या साहेबाला विचारून आली. म्हणाली, अजून शोधतायत म्हणे, उंदरांवरच चाललंय. म्हणजे बाई खरं बोलली होती, वर्षं लागतात म्हणाली होती, ती लागतायत. शेवाळाने तुला मारलं नाही, वाचवलंही नसतं. तुला वाचवत होती ती वाळूतली बाटली.

मी तुला चोरटी म्हटलं, तो शब्द मी परत घेते. चार बायकांच्या देखत म्हटला होता. त्यातल्या दोघी अजून आहेत, एकीच्या दारावरून मी रोज जाते. तिला सांगायला पाहिजे. बाईचं कॉलेज शोधायचं झालं तर नात एका सुट्टीच्या दिवशी जाऊन विचारून येईल, बाई जिवंत असेल तर अजून म्हातारी व्हायची आहे. हे सगळं करायला पाहिजे आणि मी काहीच केलेलं नाही. नात मघाशी विचारत होती, एवढं काय लिहितेस? मी म्हटलं, बाजाराची यादी. हे कागद मी कोणाला वाचून दाखवायची नाही, आणि ज्या दिवशी सांगायचं धाडस होईल त्या दिवशी कागदाची गरजही नाही.

एक मात्र तुला सांगून टाकते, कारण आज सकाळपासून तेच घोळतंय. बाटलीचं कळल्यापासून मी मनातल्या मनात ती ढेप पुन्हा पुन्हा बघते, ती फुटलेली कड बघते, आणि मला वाटतं, एखादा खडा तरी तू खाल्ला असशील. एखादाच. मागल्या दारी, पदराआड. खाल्ला असावास असं मला वाटतं, आये. फार वाटतं.